मी वळवलेलं पाणी

माझी नात तंबूत राहते असं गावात पहिल्यांदा कळलं, तेव्हा शेजारणीनं मला विचारलं, "सर्कशीत लागली का काय वो?" मी म्हटलं, "न्हाई बाई, सर्कशीत पगार तरी मिळतो."

हसण्यावारी नेलं खरं, पण आमच्या घरात त्यावरून वर्षभर धुसफूस चालली होती. नात बावीस वर्षांची. बी.एस्सी. झाली, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणली, आणि पुस्तकं टेबलावर ठेवून ही सुट्टी आली की पाठीवर बोचकं मारून अकोले तालुक्यातल्या डोंगरात. धरणाच्या काठाला तंबूंच्या रांगा लागतात, गाणी वाजतात, तिथं नाही हं. तिथं मी म्हणते गेली असती तर एकवेळ चाललं असतं. ही जाते तिथनं पुढं, दोन डोंगर आत. तिथं दिवा नाही, नळ नाही, संडास नाही, मोबाईलला रेंज नाही. रानात एक जागा बघायची, एक-दोन तंबू एकमेकांपासून लांब लावायचे, राहायचं, आणि निघताना आपण इथं होतो हे कुणाला कळता कामा नये असं सगळं आवरून यायचं.

बरं, नुसती हौस असती तर तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, कुरकुर करत का होईना चालवून घेतलं असतं. पण हिला तेच काम करायचं होतं. एका वेळी चार-पाच बायकांना न्यायचं. ज्या बायकांनी घराबाहेर माहेर, लग्नघर आणि दवाखाना सोडून कुठंच कधी रात्र काढली नाही, त्यांना. हे ती बोलली तेव्हा मी शेंगा फोडत होते. हात थांबला माझा. मनात मोजायला लागले, मी कुठं कुठं रात्र काढली. माहेर, लग्नघर, दवाखाना. चौथं काही निघेना. कालव्याला पाणी आलं की रात्री उसात दारं धरायला जायचे, पण ती काय राहणी म्हणायची!

तिनं डोंगरातल्या त्या वाडीच्या ग्रामसभेला विचारून ठेवलं होतं. रान वाडीच्या ताब्यातलं. वाडीचे लोक म्हणाले, एक उन्हाळा करून बघ, मग बघू. आता अडकलं होतं ते आमच्या घरातच. बाप हो म्हणेना.

"बिबट्या आहे तिथं," मुलगा म्हणाला.

"पप्पा, बिबट्या आपल्या उसात आहे," नात म्हणाली. "परवा तुम्हीच फटाके वाजवले."

सूनबाई पदराआड हसली. मुलगा चिडला, पण खरंच होतं. आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची पिल्लं सापडतात.

शेवटी तो म्हणाला, "असं कर. एकदा आजीला घेऊन जा. आजी येऊन सांगंल, हो की नाही. मी मग तोंड उघडणार न्हाई."

नातीनं उडीच मारली. मला मिठी मारली. मी म्हटलं, अगं गुडघा, गुडघा!

आणि संध्याकाळी मुलगा गोठ्यात माझ्याजवळ आला. म्हैस सोडून बांधल्यासारखं केलं उगीच. म्हणाला, "आई, तू फक्त येऊन सांग, हे काय खरं न्हाई म्हणून. दुसऱ्या कुणाचं ऐकायची न्हाई ती. तुझं ऐकंल."

मी म्हटलं, "बरं."

आता इथं कुणी माझ्या मुलाला वाईट म्हणू नये. पोरगी लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा तिला खांद्यावर टाकून हाच दवाखान्याचा अर्धा रस्ता पळत गेला होता. भ्यायचाच तो. आणि मी 'बरं' म्हटलं ते नुसतं त्याच्यासाठी नाही. बँकेत लागली तर श्रीरामपुरात राहील, दर रविवारी घरी येईल, असं माझ्याही मनात होतं. सांगायला काय हरकत आहे आता.

होळी होऊन आठवडा झाला होता. एस.टी.नं अकोल्यापर्यंत, तिथनं राजूर, राजूरहून काळीपिवळी जीप. जीपमध्ये मी, नात, तिचं बोचकं, सात माणसं आणि एक बोकड. बोकड माझ्याकडं बघून सारखं ओरडत होतं. मालक म्हणाला, "मावशी, त्याला वाटतंय तुमी त्याला उतरवाल." मी म्हटलं, "मलाच कुनी उतरवंना."

माझ्या पिशवीत काय काय होतं, ते नातीनं वाडीखालच्या रस्त्यावर उतरल्यावर पाहिलं. सूनबाईनं बांधलेल्या दशम्या, ठेचा, एक वाकळ, अमृतांजन, बॅटरी, आणि माझं खुरपं.

"आजी, खुरपं कशाला?"

"असावं." आता खुरप्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, त्याला कारण काय सांगू? दुसऱ्या बायका पर्स घेतात.

वाडीतनं वर अर्धा तास चढ. नातीनं मला दहा ठिकाणी बसवलं. एका ठिकाणी मी म्हटलं, लागली का दमायला? तर म्हणते, "हो गं, फार दमले," आणि शेजारी बसली. दमली-बिमली काही नव्हती. नाकावर घामाचा थेंब नव्हता तिच्या. पण असं खोटं बोलणारं माणूस जवळ असावं म्हातारपणी.

जागा छान होती, ती मात्र मी लगेच कबूल केली. हिरड्याची, जांभळाची झाडं, खाली वाळक्या पानांचा थर, पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. वरच्या बाजूला एका जांभळीच्या मुळाशी खडकातनं पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. दहा-बारा पावलं वाहायची आणि मग दगडगोट्यात शिरून दिसेनाशी व्हायची.

मला वाटलं, पाण्याशेजारीच तंबू मारंल. शहाणा माणूस तेच करील. तर ही पावलं मोजत लांब निघाली. वीस, तीस, चाळीस.

"अगं, कुठं चाललीस? पाणी इकडं राहिलं!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "रात्री तिथं जनावरं पाण्यावर येतात. आपण दारात बसल्यावर ती कशी येणार?"

मी पिशवी उचलून तिच्या मागं निघाले. आमच्याकडं पाहुणा आला म्हणून म्हशीला कुणी पाण्यावर न्यायचं थांबवत नाही, पण इथं पाहुणे आम्ही होतो, हे त्या पोरीच्या डोक्यात आधीपासून होतं. माझ्या डोक्यात ते यायला वेळ लागला.

मग तिनं मला नियम सांगितले. चूल नाही, पालापाचोळा वाळलाय, ठिणगी पडली तर डोंगर जाईल. एक लहान गॅसची डबी तिनं आणली होती, चहापुरती. खरकटं टाकायचं नाही. शेंगाचं टरफलसुद्धा परत पिशवीत. साबण नाही. आणि इथलं काही बदलायचं नाही, दगडसुद्धा होता तिथं.

"आणि परसाकडं?" मी विचारलं.

तिनं एक लहानसं फावडं माझ्या हातात दिलं. "वीतभर खड्डा. काम झालं की माती लोटायची."

मी इतकी हसले की खाली बसले. म्हटलं, "बाई गं! आमी डबडं घेऊन जायचो तर पहाटे शिट्ट्या वाजवत मागं लागायची पंचायतीची मान्सं. घरात संडास बांध म्हनून जिवाला खाल्लं. आनि आता माझी शिकल्याली नात मला फावडं देऊन रानात लावती!"

"आजी, हळू. पाखरं उडाली बघ."

"उडू दे. त्यांना पन कळू दे."

संध्याकाळी ती तंबूच्या दोऱ्या ताणत बसली आणि मला म्हणाली, तू जरा पाय मोकळे कर. मी हळूहळू पाण्याकडं गेले. ऊन उतरलं होतं. धारेचा आवाज इतका बारीक की श्वास रोखला तरच ऐकू यावा. बसले तिथं एका दगडावर. आणि बसल्या बसल्या माझा जीव तळमळायला लागला.

कारण ते पाणी दगडात जात होतं. नुसतं. धार येते, दहा पावलं चालते आणि दगडगोट्यात नाहीशी. आणि तिथनंच हाताच्या अंतरावर आंब्याचं एक रोप, वीत-दीड वीत उंच, पानं माना टाकून बसलेली. कुणीतरी आंबा खाऊन कोय फेकली असेल. एवढ्या मोठ्या रानात ते एकटंच असं पोरकं.

आता मी पन्नास वर्षं कालव्याच्या पाण्यावर दारं धरली आहेत. पाणी आलं की एका सरीचं तोंड मातीनं बंद करायचं, दुसरीचं उघडायचं, एक थेंब बांधाबाहेर जाऊ द्यायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिलं हे शिकवलं, भाकरी नंतर. फुकट जाणारं पाणी दिसलं की आमच्याकडच्या माणसाला झोप येत नाही. दुसऱ्याच्या रानात चारी फुटलेली दिसली तरी चप्पल काढून आत उतरतो आम्ही.

पिशवी खांद्यालाच होती, खुरपं तिच्यात होतंच. दोन दगड सरकवले, मातीचा लहानसा बांध घातला, हातभर पाट ओढला आणि रोपाला छान गोल आळं केलं. पाच मिनिटांचं काम. पाणी जरा घुटमळलं, मग वळलं आणि शहाण्यासारखं आळ्यात जाऊन बसलं. नियम माझ्या लक्षात होता, विसरले नव्हते. पण मला तो नियम दगड फोडणाऱ्यांसाठी, नावं कोरणाऱ्यांसाठी वाटला. झाडाला पाणी घालणाऱ्यासाठी नियम असतो असं माझ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

हात धुतले, परत आले. नातीला काही बोलले नाही. सकाळी रोप ताठ झालेलं दाखवू, असं मनात धरलं.

दशम्या-ठेचा खाल्ला. तंबूत शिरले तर मी आधी कडी शोधली. नात म्हणाली, "आजी, चेन आहे, ओढली की झालं." माझं माहेर शिंगणापूरचं, तिथं घराच्या चौकटीला दार नाही, लग्न होईपर्यंत मी तशीच निजले आहे, तेव्हा कडीची आठवण झाली नाही. इथं झाली. पण सांगू का, ती आठवण फार वेळ टिकली नाही. नातीनं माझ्या गुडघ्याला अमृतांजन चोळलं. चोळता चोळता तीच झोपली, माझ्या पायावर हात ठेवून. लहानपणी तशीच झोपायची, बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून. मी वाकळ तिच्या अंगावर सारली. बाहेर पानांवर काहीतरी चालत गेलं, थांबलं, परत चाललं. मी भ्यायले नाही. नवल वाटलं मलाच.

सकाळी जाग आली ती बाईच्या आवाजानं.

"ए पोरी! हिकडं ये आदी! ये हिकडं!"

नात केस बांधत बाहेर पळाली. मी तंबूतनं डोकं काढलं. पाण्यापाशी एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, काटक, साडीचा काचा मारलेला, हातात रिकामा हंडा. मागनं कळलं, ती वाडीतली अगदी वरच्या घरातली. ग्रामसभेत तिचं बोलणं चालतं. नातीला एक उन्हाळा राहू द्या असं पहिलं म्हणणारी तीच.

"ह्याच्यासाठी तुला हो म्हनलं का आमी?" ती नातीला विचारत होती. "खाली माझा झिरा कोरडा पडलाय. रोज उजाडायला दोन हंडं भरत्यात, आज अर्धी कळशी न्हाई. कोनी तोडलं हे पानी?"

झिरा म्हणजे त्यांनी खाली उतारावर दगडात उकरलेला हातभर खड्डा. मला जे पाणी दगडगोट्यात फुकट गेलेलं दिसलं होतं, ते फुकट गेलंच नव्हतं. दगडाखालनं चालत चालत जाऊन त्या खड्ड्यात रात्रभर पाझरायचं. पहाटे ही बाई येऊन भरायची. उन्हाळ्यात तिचं तेवढंच.

नात धारेपाशी वाकली. बांध पाहिला. आळं पाहिलं. इतकं गोल, कडा थापटून थापटून बसवलेलं आळं कुणाच्या हातचं असतं, हे तिला कळायला क्षण लागला नाही. आमच्या परसातल्या लिंबूणीला तसंच आहे. तिनं वर पाहिलं. तंबूतनं निघालेल्या माझ्या डोक्याकडं पाहिलं. मग त्या बाईकडं वळली.

"माझी चूक आहे, मावशी," ती म्हणाली. "माझ्याबरोबर आलेल्या माणसाची जबाबदारी माझी. मी बघायला पाहिजे होतं."

एवढंच. माझं नाव नाही, 'आजीनं केलं' नाही.

आणि मी काय केलं? मी तशीच बसून राहिले. खरं लिहायचं तर ते लिहिलंच पाहिजे. एक क्षण असा गेला की माझ्या मनात आलं, झालं की काम. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही आता. ही बाई वाडीत जाऊन सांगेल, वाडी नको म्हणेल, पोरगी बँकेत जाईल, आणि मी मुलाला दिलेला शब्द माझा हात न लागता पुरा होईल. चिमणीनं पंख झाडावेत एवढाच वेळ तो विचार टिकला असेल. पण आला होता. नातीची पाठ मला दिसत होती. केस अर्धेच बांधले होते तिनं, एक बट मोकळी राहिली होती, आणि ती मान खाली घालून माझ्या वाटणीचं बोलणं खात होती.

मी तंबूतनं रांगत बाहेर आले. दुसरी तऱ्हाच नाही त्यातनं यायची. गुडघ्यावर हात टेकून उठले, पाण्यापाशी गेले.

"बाई," मी म्हटलं, "तिला काय बोलू नका. पानी मी वळवलं."

ती बाई माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघायला लागली. "तुमी? कशापायी?"

"ते रोप वाळलं हुतं. मला वाटलं, पानी वाया चाललंय."

"कुटल्या तुमी?"

"श्रीरामपूरकडच्या. कालव्यावरच्या."

"आगं बया!" तिनं हंडा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले. "म्हंजी धरनाच्या खालच्या! आमच्या डोंगराचं समदं पानी धरनातनं खाली तुमच्या उसाला जातंय, ते पुरलं न्हाई व्हय तुमाला? ऱ्हायल्यालं करंगळीभर वळवाया हितवर चढून आलात?"

मी त्या रिकाम्या हंड्याकडं बघितलं. पन्नास वर्षं मी जे पाणी सरीसरीनं फिरवलं, 'आपलं पाणी' म्हणून ज्याच्यासाठी शेजारणीशी भांडले, ते या बाईच्या डोक्यावरनं निघून माझ्या बांधाला येतं, हे मला नकाशावर ठाऊक असेल, पण असं समोर हंडा घेऊन उभं राहिलेलं कधी दिसलं नव्हतं.

"चुकले," मी म्हटलं. "खुरपं सुद्धा घरनं आनलंय मी."

का कोण जाणे, त्या खुरप्यावर तिला हसू आलं. आधी ओठ दाबले, मग नाही दाबता आले. "खुरपं घिऊन आल्या," ती नातीला म्हणाली. "पोरी, तू मान्सं आनायचीस म्हनत हुतीस, हा तर इरिगेशनचा पाटकरी आनलास!"

नात हसली नाही. ती आधीच वाकून बांध मोडत होती. मी पण बसले. दोघींनी मिळून माती सारली, दगड होते तिथं ठेवले. पाणी परत आपल्या वाटेला लागलं. रोप मात्र खरंच ताठ झालं होतं. त्या बाईनंही ते पाहिलं. आळ्यात साठलेलं तेवढं राहू दिलं तिनं.

झिरा भरायला आता दुपार होणार होती. नातीनं विचारलं, दुसरं पाणी कुठं? वाडीच्या खाली विहीर, जाऊन-येऊन तासाभराची वाट. तिनं हंडा उचलला. बाई म्हणाली, "न्हाई जमायचं तुला." नात म्हणाली, "सांडलं तर परत जाईन." चुंबळ कशी करायची, हे तिनं त्या बाईकडनंच शिकून घेतलं. माझ्याकडनं नाही शिकली कधी. आमच्या घरात तिला आठवतं तेव्हापासून नळ आहे.

दोन खेपा केल्या तिनं. तोवर मी त्या बाईच्या ओट्यावर बसले होते. तिनं मला कोरा चहा दिला. त्या चहाला पाणी कुठलं, हे माझ्या मनातनं जाईना, म्हणून मी अर्धाच कप घेते म्हटलं.

"प्या वो," ती म्हणाली. "आता काय मापून पाजू का?"

पहिली खेप घेऊन नात आली तेव्हा पाठ भिजलेली, चेहरा लाल. हंड्यातलं निम्मं अंगावर. बाईनं हंड्यात डोकावून पाहिलं. "अंगूळ बी झाली म्हनायची," ती म्हणाली. नात हंडा रिकामा करून परत उतरणीला लागली.

मी विचारलं, "आता काय करनार तुमी? वाडीत सांगनार?"

"सांगनार तर. लपवायचं काय त्यात?"

माझा चेहरा पडला असणार. ती काही वेळ चहाची किटली पुसत बसली.

"मागल्या साली चार पोरं आल्ती," ती म्हणाली. "जाळ केला. बाटल्या फोडल्या. माझी शेळी पायात काच घिऊन आली. मी वर गेले बोलाया, तर मला म्हनत्यात, 'मावशी, पैसं किती?' हिनं मला पैसं इचारलं न्हाईत. चूक म्हनली आनि हंडा उचलला." मग माझ्याकडं बोट केलं. "वाडीत दोनी सांगीन. पानी तुमी तोडलं ते बी, आनि हिनं भरलं ते बी. मंग ग्रामसभा काय ठरवायचं ते ठरवंल. मला इचारलं तर मी म्हनंन, येऊ द्या."

दुसरी खेप भरलेली आली, काठोकाठ नसेल, पण भरलेली. बाईनं स्वतः पुढं होऊन हंडा उतरवून घेतला. नातीच्या टाळूला हात लावून पाहिला. "हिरवी हाय टाळू अजून," म्हणाली. "हुईल सवय."

दुपारी आम्ही तंबू उतरवला. पानं होती तशी पसरली. नातीनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, माझ्या हातनं पडलेली शेंगाची दोन टरफलं वेचली. उतरताना या खेपेला ती खरंच दमली होती. दहा ठिकाणी बसलो, त्यातल्या पाच ठिकाणी तिच्यासाठी.

एका दगडावर बसल्यावर मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, "तुझ्या बापानं मला नाही म्हनायला पाठवलं हुतं. मी बरं म्हनले हुते."

ती बुटाची नाडी बांधत होती. "माहितेय," म्हणाली.

"माहितेय? कुणी सांगितलं?"

"तुम्ही दोघं गोठ्यातनं आलात तेव्हा पप्पा माझ्याकडं बघत नव्हते."

"मग तरी मला आनलंस?"

तिनं नाडीची गाठ सोडली, परत बांधली. "आजी, तू घराच्या बाहेर कधी राहिली नव्हतीस. म्हटलं, पप्पांचं जे व्हायचं ते होवो, तुझी एक रात्र तर होईल."

मी खुरपं पिशवीत नीट ठेवलं, दोनदा.

राजूरच्या स्टँडवर रेंज आली आणि मुलाचा फोन वाजला. वाट बघतच बसलेला दिसला. नात दोन पावलं लांब जाऊन एस.टी.चं वेळापत्रक वाचायला लागली. तो फलक पुसट झालेला होता. वाचण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"आई? बरी हायेस ना? गुडघा?"

"बरी हाय."

"मग? सांगितलंस का तिला?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाणी, खुरपं, झिरा, बाई. काही गाळलं नाही.

"बघ!" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला, दुखऱ्या जागी औषध लागावं तसा. "झाला का न्हाई घोळ? मी तेच म्हनत हुतो."

"घोळ मी केला," मी म्हटलं. "तुझ्या आईनं. तिनं निस्तरला. माझं नाव न घेता निस्तरला, आणि मी मागं बसून बघत हुते. आरं, मी तुला असं कधी शिकवलं हुतं का? मला तर आठवत न्हाई. कुठनं आणलं तिनं ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुला 'बरं' म्हनले हुते," मी म्हटलं. "ते मी मागं घेते. मला नाही म्हनता यायचं न्हाई."

तिकडं मागं म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं, म्हणजे गोठ्यातच उभा होता. मग म्हणाला, "परीक्षेचा फॉर्म भरायचा. तो मी सोडनार न्हाई."

"ते तिला सांग."

"आनि पोचली की फोन. निघाली की फोन."

"वर रेंज न्हाई, बाबा. खाली आल्यावर करंल."

"म्हंजी रात्रभर फोन न्हाई?"

"न्हाई."

"मग मी काय करायचं रात्रभर?"

तो हे रागानं नव्हता विचारत. सेहेचाळीस वर्षांचा माझा मुलगा मला खरंच विचारत होता. मी म्हटलं, "मी हाय ना घरी. तू जागा राहिलास तर मीबी राहीन. चहा करू."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "तिला दे फोन."

मी फोन पुढं केला. नातीनं वेळापत्रकाकडचं तोंड वळवलं नाही लगेच. आधी ओढणीनं चेहरा पुसला, नाक पुसलं, आणि मग हात लांब करून फोन घेतला. "हां पप्पा," म्हणाली, अगदी रोजच्यासारखं. पलीकडनं तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आमची गाडी लागली होती. मी दोघींच्या पिशव्या उचलल्या आणि खिडकीची जागा धरायला पुढं गेले.